नागरी वाहतूक आणि सायकल : अडथळ्यांची साखळी

भारत हा चीनखालोखाल जगातील सर्वाधिक सायकली बनविणारा देश होय. पंजाबातील लुधियाना शहर या उद्योगाचे प्रमुख केंद्र असून तेथील कारखान्यांतून निघालेली सायकल देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचते. इंधन न लागणारे, धूर न सोडणारे, अल्प जागा व्यापणारे आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील असे हे वाहन आहे. ताशी १२ ते १५ किलोमीटर या सहज वेगाने पाच किलोमीटरचे अंतर त्यावरून वीस ते पंचवीस मिनिटांत कापता येते. गर्दीच्या वेळी अनेक शहरांत मोटारीलाही याहून फार कमी वेळ लागत नाही. असे असूनही आपल्या शहरांतील सायकलस्वार रस्त्याच्या कडेला ढकलला गेला आहे.

ही घसरण लोकांच्या बदललेल्या आवडीमुळे झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उत्पन्न वाढले, दुचाकी स्वस्त कर्जावर मिळू लागल्या आणि लोकांनी सायकल सोडली, अशी ही मांडणी आहे. तीत तथ्यांश असला तरी ती अपुरी आहे. सायकल सोडणाऱ्यांनी ती का सोडली आणि ज्यांना सोडता येत नाही ते कोणत्या परिस्थितीत चालवतात, या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार केल्यास नागरी नियोजनातील एक मूलभूत उणीव समोर येते. प्रस्तुत लेखात या अडथळ्यांचे स्वरूप, त्यांची कारणे, आजवरचे धोरणात्मक प्रयत्न आणि पुढील दिशा यांचा आढावा घेतला आहे.

आकडेवारी काय सांगते?

२००१ च्या जनगणनेनुसार देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४४.८ टक्के झाले. वरवर पाहता ही वाढ दिसते; परंतु ग्रामीण व नागरी भागांचे आकडे वेगळे केले की चित्र बदलते. ग्रामीण भागात प्रमाण ४२.८ वरून ४६.२ टक्क्यांवर गेले, तर नागरी भागात ते ४६.० वरून ४१.९ टक्क्यांवर घसरले. याच दशकात स्वयंचलित दुचाकी असलेल्या नागरी कुटुंबांचे प्रमाण २४.७ वरून ३५.२ टक्क्यांवर पोहोचले. थोडक्यात, खेड्यात सायकल येत होती आणि शहरातून ती जात होती.

मालकीपेक्षा वापराचे आकडे अधिक बोलके आहेत. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणी जाण्याच्या साधनांची माहिती गोळा करण्यात आली. शेती व घरगुती उद्योग यांबाहेरील सुमारे २० कोटी कामगारांपैकी सुमारे २.६ कोटी कामगार सायकलने कामावर जात होते. ही संख्या त्या वेळी स्वयंचलित दुचाकीने जाणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक होती. पायी जाणाऱ्यांची संख्या साडेचार कोटींच्या घरात होती. मोटारीने जाणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. तरीही उड्डाणपूल, रस्तारुंदीकरण आणि वाहनतळ यांवर होणाऱ्या खर्चाचा मोठा लाभ याच लहान गटाला मिळत आला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सायकल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ५०.४ टक्के आढळले. पश्चिम बंगालमध्ये ते सर्वाधिक म्हणजे ७८.९ टक्के होते. यावरून सायकल कालबाह्य झाली, हा समज निराधार ठरतो. सायकल घरात आहे. अडचण ती रस्त्यावर आणण्याची आहे.

सक्तीचे आणि निवडीचे सायकलस्वार

वाहतूकशास्त्रात सायकलस्वारांचे दोन गट केले जातात. पहिला गट सक्तीच्या सायकलस्वारांचा. बांधकाम मजूर, सुरक्षारक्षक, दूध व वृत्तपत्रे पोहोचविणारे, कारखान्यातील कंत्राटी कामगार यांना बसचे भाडेही जड जाते. धोका कितीही असला तरी त्यांना सायकलच चालवावी लागते. दुसरा गट निवडीचा. दुसरे साधन उपलब्ध असूनही जो सायकल पसंत करतो, तो या गटात येतो.

आपल्या बहुतेक शहरांत पहिला गट मोठा व दुसरा अत्यल्प आहे. हा भेद नियोजनकारांसाठी महत्त्वाचा आहे. पहिला गट तक्रार न करता रस्ता वापरत राहतो, म्हणून त्याच्या अडचणी दिसत नाहीत. दुसरा गट अडचण येताच सायकल सोडून देतो, म्हणून सायकलींना मागणीच नाही असा निष्कर्ष काढला जातो. नदीवर पूल नाही म्हणून कोणी पलीकडे जात नाही आणि कोणी जात नाही म्हणून पुलाची गरज नाही, असा हा तर्क होय.

प्रमुख अडथळे

(१) सुरक्षिततेचा अभाव : हा सर्वांत मोठा अडथळा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत ४,८०० हून अधिक सायकलस्वार होते. एकूण मृत्यूंत हा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने समस्या लहान वाटू शकते. मात्र धोक्यामुळे ज्यांनी सायकल आधीच सोडली, त्यांची नोंद कोणत्याही अपघात अहवालात होत नाही, ही बाब ध्यानात घेतली पाहिजे.

धोक्याचे मूळ वेगातील तफावतीत आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वाहनाच्या धडकेतील ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट असते. सायकलस्वाराभोवती पत्र्याचे कवच नसल्याने हा सर्व आघात त्याच्या शरीरावर होतो. त्यातच आपल्याकडे सायकलस्वाराने रस्त्याच्या डाव्या कडेने जावे अशी अपेक्षा असते आणि नेमक्या त्याच कडेला बसथांबे, उभी केलेली वाहने, त्यांची अचानक उघडणारी दारे, गटारांच्या जाळ्या व डावीकडे वळणारी वाहने असतात. जी जागा सायकलसाठी सुरक्षित मानली जाते, तीच सर्वाधिक अडथळ्यांची असते.

(२) तुटक मार्ग : सायकलमार्ग बांधले की प्रश्न सुटला, असा प्रशासनाचा समज दिसतो. प्रत्यक्षात अनेक शहरांतील सायकलमार्ग काही शे मीटर जाऊन एखाद्या विजेच्या खांबापाशी, बसथांब्यापाशी किंवा उंच कडेपाशी संपतात. मधल्या भागात वाहने उभी केलेली असतात, विक्रेते बसलेले असतात, तर कोठे दुचाकीस्वारच त्या मार्गाचा जवळचा रस्ता म्हणून उपयोग करतात. जेथे संरक्षणाची खरी गरज असते त्या चौकात मार्गच नसतो.

येथे एक साधे सूत्र लागू पडते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतके असते. त्याचप्रमाणे सायकल प्रवासाची सुरक्षितता त्यातील सर्वांत धोकादायक चौकावरून ठरते. घर ते शाळा या तीन किलोमीटरच्या वाटेवर अडीच किलोमीटर उत्तम सायकलमार्ग असला, पण मध्ये एक बेफाम वाहतुकीचा चौक असला, तर कोणतेही पालक मुलीला सायकलने पाठविणार नाहीत. त्यांच्या दृष्टीने त्या अडीच किलोमीटरवरील खर्च निष्फळ ठरतो. म्हणूनच बांधलेल्या मार्गाची एकूण लांबी हा यशाचा निकष होऊ शकत नाही.

चंदीगडचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी या शहरासाठी रस्त्यांचे सात प्रकार कल्पिले होते. पुढे सायकलींसाठी त्यांत आठव्या प्रकाराची भर पडली. सायकलला आराखड्यातच स्थान मिळालेले हे देशातील मोजक्या शहरांपैकी एक होय. मात्र आखणी चांगली असली तरी रुंद वर्तुळाकार चौकात वेगवान वाहनांच्या प्रवाहातून वाट काढणे सायकलस्वाराला कठीणच जाते.

(३) कायदेशीर प्रतिबंध : काही ठिकाणी अडथळा थेट आदेशातून येतो. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकल व इतर अयांत्रिक वाहनांना बंदी घातली. पुढे या रस्त्यांची संख्या कमी करण्यात आली आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर सार्वजनिक वाहतूक विस्कळीत असताना निर्बंध काही प्रमाणात शिथिलही झाले. वाहतूक सुरळीत राहावी, हा या बंदीमागील युक्तिवाद होता. तथापि त्याची किंमत दूध, भाजीपाला व इतर माल सायकलवरून नेणाऱ्या श्रमिकांनी दंड आणि लांबच्या वळशांच्या रूपाने मोजली. ज्या राज्यात सायकलची मालकी देशात सर्वाधिक आहे, त्याच राज्याच्या राजधानीत ही बंदी असावी, हा विरोधाभास उल्लेखनीय आहे.

(४) नगररचना आणि वाढती अंतरे : सायकल हे मुख्यतः लहान अंतराचे साधन आहे. निवास, शाळा, बाजार व रोजगार एकमेकांजवळ असतील तरच तिचा नैसर्गिक उपयोग होतो. शहरे मात्र बाहेरच्या बाजूस पसरत गेली. झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन अनेकदा शहराच्या सीमेवर झाले आणि कामाची ठिकाणे पूर्वीच्याच जागी राहिली. जो कामगार चार किलोमीटर सायकलने जात होता, त्याच्यासमोर पंधरा किलोमीटरचे अंतर उभे राहिले. एकदिशा मार्ग, सलग दुभाजक आणि उड्डाणपूल यांनी मोटारींचा वेळ वाचतो. परंतु समोर दिसणाऱ्या ठिकाणी पोहोचण्यासाठी सायकलस्वाराला वळसा घालावा लागतो. मोटारीसाठी एक किलोमीटरचा वळसा दोन मिनिटांचा, तर सायकलस्वारासाठी तो स्वतःच्या श्रमाचा असतो.

(५) सामाजिक कारणे : सायकलकडे गरिबीचे चिन्ह म्हणून पाहण्याची वृत्ती अद्याप ओसरलेली नाही. नोकरी लागल्यावर किंवा विवाह ठरल्यावर सायकलच्या जागी दुचाकी येणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाते. कार्यालयांत, मॉलमध्ये व गृहसंकुलांत मोटारींसाठी वाहनतळ असतो, पण सायकल कुलूपबंद ठेवण्याची सोय नसते. चोरीची भीती मात्र कायम असते. वस्तुतः एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. ऊन, पाऊस व घाम यांचीही अडचण खरी आहे. तथापि झाडांची सावली, पाणी न साचणारे रस्ते आणि कार्यालयात हातपाय धुण्याची व कपडे बदलण्याची जागा या उपायांनी ती बरीच हलकी करता येते.

स्त्रियांच्या बाबतीत हे अडथळे दुणावतात. कामावर सायकलने जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फारच कमी आहे. रस्त्यावरील छेडछाड, अपुरे दिवे, निर्जन पट्टे आणि वाहतुकीतील आक्रमकता यांमुळे मुलींची सायकल अनेक घरांत आठवी-नववीनंतर बंद होते. एखाद्या रस्त्यावर स्त्रिया व मुले किती संख्येने सायकल चालवतात, हा त्या रस्त्याच्या सुरक्षिततेचा सर्वांत विश्वसनीय निर्देशक मानला जातो.

(६) आर्थिक व करविषयक कारणे : दुचाकी व मोटारीसाठी बँकांचे कर्ज सुलभतेने मिळते, सायकल खरेदीमागे अशी व्यवस्था नाही. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, सायकलवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आणण्यात आला, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र त्याच वेळी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी व लहान मोटारींवरील करही २८ वरून १८ टक्के झाला. किमतीतील सवलतीचा परिणाम म्हणूनच मर्यादित राहणार, हे उघड आहे.

ग्रामीण अनुभवाचा धडा

बिहार सरकारने २००६ मध्ये मुख्यमंत्री बालिका सायकल योजना सुरू करून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल खरेदीसाठी साहाय्य दिले. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या नोंदणीत सुमारे ३२ टक्के वाढ झाल्याचे व मुला-मुलींच्या नोंदणीतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. शाळा दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक ठळक होता. तत्पूर्वी तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या होत्या.

या यशावरून शहरांतही सायकली वाटाव्यात, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बिहारच्या खेड्यात मुख्य अडथळा अंतराचा व सायकल नसण्याचा होता. वाहनांची वर्दळ तुलनेने कमी होती आणि मुली गटाने जात असल्याने त्यांना परस्परांचा आधार होता. तेथे सायकल देताच अडथळा दूर झाला. शहरात सायकल उपलब्ध असते, पण रस्ता सुरक्षित नसतो. उपाय योजण्यापूर्वी त्या ठिकाणचा नेमका अडथळा ओळखणे, हे धोरणनिर्मितीचे पहिले तत्त्व आहे.

धोरणे आणि त्यांची अंमलबजावणी

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण, २००६ ने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि रस्त्याच्या जागेचे न्याय्य वाटप व्हावे, असे स्पष्ट केले. भारतीय रस्ते काँग्रेसने सायकलमार्गांबाबत १९६२ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे दिली होती. २०१५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अयांत्रिक वाहने व पादचारी यांच्या रस्तावापरासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. चेन्नई महानगरपालिकेने २०१४ मध्ये अयांत्रिक वाहतूक धोरण स्वीकारून वाहतूक अंदाजपत्रकातील किमान ६० टक्के रक्कम पादचारी व सायकलस्वार यांच्या सोयींसाठी ठेवण्याचे ठरविले. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२० मध्ये शहरांसाठी सायकलविषयक राष्ट्रीय स्पर्धा घेतली. तिच्या ११ विजेत्या शहरांत नागपूर, पिंपरी-चिंचवड, भुवनेश्वर, बंगळूरु, सुरत व कोहिमा यांचा समावेश होता.

धोरणांची उणीव नाही. उणीव आहे ती सातत्याची. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या जलद बसमार्गावर २००८ मध्ये स्वतंत्र सायकलमार्गही देण्यात आला होता. मोटारींची जागा कमी झाल्याने त्यावर टीका झाली. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली. तरीही २०१६ मध्ये हा मार्ग मोडून टाकण्यात आला. रस्त्यावरील जागेचे फेरवाटप हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न नसून तो राजकीय इच्छाशक्तीचा व जनमताचा प्रश्न आहे, हा या प्रकरणाचा बोध होय.

सार्वजनिक सायकल योजनांचा अनुभवही संमिश्र आहे. म्हैसूरमध्ये जून २०१७ मध्ये सुमारे ४५० सायकली व ४८ थांबे यांसह अशी योजना सुरू झाली. त्याच महिन्यात भोपाळमध्येही तिचा प्रारंभ झाला. पुण्यासह अन्य शहरांत खासगी कंपन्यांनी थांब्याविना सायकली आणल्या, परंतु मोडतोड, चोरी व अपुरे उत्पन्न यांमुळे त्या काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. रस्ता तसाच ठेवून केवळ सायकली आणल्याने वापर टिकत नाही, असा याचा अर्थ आहे. हैदराबादेत २०२३ मध्ये बाह्यवळण मार्गालगत २३ किलोमीटरचा सौर छताखालील सायकलमार्ग खुला झाला. सावलीच्या प्रश्नावरील हा लक्षणीय प्रयोग आहे. मात्र व्यायामासाठीचा मार्ग आणि रोजच्या कामासाठीचा मार्ग यांच्या गरजा भिन्न असतात, हे विसरता येणार नाही.

घसरण उलटविता येते, याचा दाखला नेदरलँड्सने दिला आहे. तेथेही १९५० व १९६० च्या दशकांत मोटारींमुळे सायकलचा वापर झपाट्याने घटला होता. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० जण दगावले. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालकांच्या आंदोलनाने आणि १९७३ च्या तेलसंकटाने धोरणाला वेगळे वळण मिळाले. आज तेथील एक चतुर्थांशाहून अधिक फेऱ्या सायकलने होतात. सपाट भूमीचा लाभ त्या देशाला होताच. पण ती भूमी घसरणीच्या काळातही तेवढीच सपाट होती.

पुढील दिशा

उपरोक्त विवेचनावरून काही उपाय सूचित होतात. पहिला, निवासी भागांत, शाळा व बाजारांच्या परिसरात वाहनांची वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणून रस्त्याच्या रचनेतूनच ती पाळली जाईल अशी व्यवस्था करणे. वेग कमी असलेल्या गल्ल्यांत स्वतंत्र सायकलमार्गाची गरजही उरत नाही. दुसरा, वेगवान रस्त्यांवर सलग व संरक्षित मार्ग देणे आणि कामाचा प्रारंभ चौकांपासून करणे. तिसरा, बसथांबे, रेल्वे व मेट्रो स्थानके यांपाशी सुरक्षित सायकलतळ उभारणे, जेणेकरून लांबचा प्रवास सार्वजनिक वाहनाने व उर्वरित टप्पा सायकलने करता येईल. चौथा, महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, वाहतूक पोलीस, वीज व पाणीपुरवठा यंत्रणा यांत विखुरलेली जबाबदारी एका उत्तरदायी कक्षाकडे सोपविणे. एकाने बांधायचे व दुसऱ्याने खणायचे, ही पद्धत त्याशिवाय थांबणार नाही. पाचवा, यशाचे मोजमाप बांधलेल्या किलोमीटरांवरून न करता शाळकरी मुले, स्त्रिया व कामगार यांच्या प्रत्यक्ष वापरावरून करणे.

समारोप

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला. भारतातही डिसेंबर २०२४ पासून रविवारच्या सायकल फेऱ्यांचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आहे. असे उपक्रम जाणीवजागृतीला उपकारक आहेत. परंतु रविवारी मोकळ्या रस्त्यावर सायकल चालविणारा नागरिक सोमवारी ती घरी ठेवत असेल, तर दोष त्याच्या इच्छेत नसून सोमवारच्या रस्त्यात आहे. कारखान्यातून रात्री उशिरा परतणारा कामगार आज जो रस्ता नाइलाजाने वापरतो, तोच रस्ता बारा वर्षांच्या मुलीला एकटीने निर्धास्तपणे वापरता येईल, तेव्हा नागरी सायकल धोरण यशस्वी झाले असे म्हणता येईल. या दोघांची सुरक्षितता एकाच चौकात ठरते.

सरावासाठी प्रश्न

१. सक्तीचे सायकलस्वार व निवडीचे सायकलस्वार यांतील भेद स्पष्ट करून नागरी नियोजनातील त्याचे महत्त्व सांगा.

२. २००१ व २०११ च्या जनगणनांतील सायकल मालकीच्या ग्रामीण व नागरी आकडेवारीची तुलना करा आणि कारणमीमांसा द्या.

३. ‘सायकल प्रवासाची सुरक्षितता त्यातील सर्वांत धोकादायक चौकावरून ठरते.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

४. बिहारमधील बालिका सायकल योजनेचे यश शहरांत जसेच्या तसे मिळविता येईल काय? सकारण उत्तर लिहा.

५. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण, २००६ मधील मूलभूत तत्त्व सांगून त्याच्या अंमलबजावणीतील अडचणींचे परीक्षण करा.